डाव्या मुठीतली तलवार

योसीनाने मागाखालचा कागद बाजूला सारला, आत शिरून वर पाहिले आणि ती तशीच थबकली. विणलेल्या पटावर ड्यूक एर्कोलानो ऐटीत घोड्यावर बसला होता, पण तलवार त्याच्या डाव्या मुठीत होती.

चूक तिला लगेच कळली. भित्तिपट पाठीकडून विणतात; दर्शनी बाजू खाली, जमिनीकडे असते. म्हणून मागाखालचे कागदी चित्र आधीच उलट काढावे लागते. नवा दरबारी चित्रकार पिरो आजवर भिंतीच रंगवत आला होता. त्याने सुलट काढले. आणि कागद आला तेव्हा कारखान्याची प्रमुख योसीना किरमिजी रंगाच्या कढईपाशी होती. न बघताच तिने मान डोलावली होती.

शेजारच्या मायकेनने मागाखाली डोकावून पाहिले. कारखान्यातली ही सर्वांत जुनी विणकरीण डावखुरी होती. "घ्या! राजेसाहेब आमच्या गोतातले निघाले."

"हसतेस काय? प्रधानाला हेच हवंय."

लोकरीवर दौलत उधळण्यापेक्षा या दालनात तोफा ठेवाव्यात, असे प्रधान तेबाल्दोने दरबारात लावून धरले होते. ड्यूकने शेवटी एवढेच कबूल केले: विजयदिनी पट मागावरून उतरेल, मनात भरला तर कारखाना राहील, नाही तर माग विकायचे. योसीनाबरोबर फ्लँडर्सहून आलेली सगळी बिऱ्हाडे त्या मागांवर जगत होती.

"हात उसवू या," मायकेन म्हणाली. "त्या जागी झग्याची घडी विणू. तेवढा वेळ आहे."

योसीनाला हिवाळ्यातली एक दुपार आठवत होती. ड्यूक एकटाच आत आला होता. मागाशी बसून त्याने डाव्या हाताने दोऱ्याची कांडी उचलली आणि ताण्यातून इतक्या सफाईने ओवली, की ती पाहतच राहिली. मग त्याला तिची चाहूल लागली. कांडी झटकन उजव्या हातात गेली आणि तिथे लाकडासारखी अवघडली. दरबारात डावा हात म्हणजे सैतानाचा हात. त्याच्या एकूण एका तसबिरीत तो हात हातमोज्यात होता.

तिने हे मायकेनला सांगितले. "चुकून का होईना, खरं विणलंय आपण. पण फसलो तर सगळ्यांचीच चूल विझेल. तू सांग."

मायकेनने आपल्या हाताकडे पाहिले. "लहानपणी माझा हा हात बांधून ठेवायचे, बाई. आहे तसाच विणू या."

विजयदिनी दरबार दालनात जमला. पट दर्शनी बाजूने टांगला होता. फक्त वरची कड मागाच्या दोऱ्यांना धरून होती. ते शेवटचे दोरे मालकाने स्वतः कापायचे, अशी रीत.

सगळ्यांची नजर त्या मुठीवर गेली. तेबाल्दो मोठ्याने हसला. "वा! महाराजांना सैतानाची मूठ! बाई, तुमच्या देशात उजवं-डावं शिकवत नाहीत वाटतं?"

खसखस पिकली. पिरोचा चेहरा पांढराफटक पडला.

"नजर माझी चुकली, सरकार," योसीना म्हणाली. "पण कळल्यावर दुरुस्त करायचं नाही, हे मी ठरवलं."

"का?" ड्यूकने विचारले.

"घोडा आपला, विजय आपला. हातही आपलाच असावा, असं वाटलं."

सगळे दरबारी ड्यूककडे वळले.

"महाराज," तेबाल्दो पुढे झाला, "तोफखान्याला निरोप धाडू?"

योसीनाने पुढे केलेली कात्री ड्यूकने उजव्या हाताने घेतली आणि दाबली. दोरा पात्यांमध्ये नुसताच दुमडला. त्याने पुन्हा दाबली. मग पाती नीट निरखली: एकावर एक, उलट बसवलेली. डावखुऱ्या हाताची कात्री. त्याने वर पाहिले. मायकेनने आपला डावा हात उचलून बोटे हलवली.

ड्यूकने सावकाश डाव्या हाताचा हातमोजा काढून प्रधानाच्या हातात ठेवला.

कच्. कच्. कच्. दोरे लोण्यासारखे तुटत गेले आणि अख्खा पट सळसळत योसीनाच्या पसरलेल्या हातांत उतरला.

"तेबाल्दो," ड्यूक म्हणाला, "हा माझ्या आसनामागे लागेल. तोफांना दुसरं छप्पर शोधा. आणि पिरो, तसबिरी सगळ्या नव्याने काढायच्यात. हात बघून काढा."

विणकरांनी बाकांवर मुठी आपटून दालन दणाणून सोडले. काय करावे ते न सुचून तेबाल्दोनेही टाळ्या वाजवल्या, हातमोज्यासकट.

"बाई," मायकेन कुजबुजली, "माझी कात्री घेऊन चाललेत ते."

"जाऊ दे," योसीना म्हणाली. "तुला नवी करू."