हिरवेनाथांचा पिंपळ

चैत्र संपत आला होता आणि अणदूरकडच्या आमच्या टेकडीवर पाय ठेवायला जागा नव्हती. तुळजापूरला देवीचं दर्शन झालं की जीपा भरभरून माणसं इकडं वळत होती. नारळवाले आले, उसाच्या रसाची गाडी आली. सगळे बघायला येत होते एक पिंपळ. भोवतालची टेकडी वाळून करडी पडलेली आणि मधोमध हा एकटा पोपटी पालवी घेऊन सळसळत होता. त्याच्या बुडाशी, शहाबादी फरशीवर, हिरवेनाथ महाराज बसलेले असत.

"वृक्षाला पाणी लागत नाही," ते सांगायचे. "पाणी लागतं देहाला. वृक्षाला लागतो नाद. आम्ही नाद देतो, मूळ तो पितं."

पिंपळाला थेंबभर पाणी घालायलाही त्यांनी बंदी केली होती. पाण्यानं म्हणे नाद विझतो. नाद कसा विझतो, हे कुणी विचारलं नाही. लोक घरून तांब्या भरून आणत, महाराजांचे पाय धुवत आणि हिरव्या पानाकडं बघून डोळे पुसत परत जात.

मी बाबामियाँ, ग्रामपंचायतीचा जुना सदस्य. टेकडी हिरवी करायची हे आमच्या पंचायतीचं उद्दिष्ट आहे. दर जूनमध्ये आम्ही रोपं लावतो, फोटो काढतो आणि पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावतो. अहवालात टेकडी केव्हाच हिरवी झाली आहे. बैठकीत मी विचारायचो, जगली किती? तेवढ्यात चहा यायचा आणि विषय संपायचा. आता तर विचारायचाही कंटाळा आला होता.

यंदा मात्र पूर्वेच्या उतारावरची काही रोपं टँकरच्या पाण्यावर अजून जीव धरून होती. त्या उताराखाली धुरपदाबाईंचं शेत आहे. पावसाळ्यात टेकडीची माती आणि दगड त्यांच्या वावरात उतरतात आणि ती म्हातारी उन्हाळाभर दगड वेचत बसते. रोपांनी मुळं धरली तर वावर वाचेल, इतका सरळ हिशेब होता.

आणि नेमका टँकर बंद करायचं सरपंच कृष्णरावांच्या मनात आलं. महाराज सगळ्या टेकडीला नाद देणार, मग पाणी कशाला? पिंपळाखालीच ग्रामसभा बोलावून ठराव करायचं ठरलं. मी मनातून चरफडत होतो. पण मी तोंड उघडलं असतं तर बाबामियाँला आमचे महाराज बघवत नाहीत अशी बोंब झाली असती आणि झाडं राहिली असती बाजूला. शिवाय आमची घरवाली शरिफाबीच रोज तांब्या घेऊन टेकडी चढत होती. कुणाला काय सांगणार?

ग्रामसभेला शाळेच्या शिवांजली मॅडम आल्या. विज्ञान शिकवतात. सगळे वर पानांकडं बघत होते, त्या खाली जमिनीकडं बघत होत्या.

"चाचा," त्या हळूच म्हणाल्या, "सकाळपासून एवढ्या लोकांनी पाय धुतले. मग चिखल कुठं आहे?"

मी बघितलं. फरशीच्या कडेला धूळ उडत होती. इतके दिवस मी समोर उभा असून ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मॅडमनी पाय धुण्याची परवानगी मागितली. महाराजांनी प्रसन्न होऊन पाय पुढं केले. धुरपदाबाईंनी आणलेली घागर मॅडमनी सावकाश रिकामी केली. मग दुसरीची घेतली, मग तिसरीची. महाराज पाय मागं घ्यायला लागले.

"पुरे, बेटी. भक्ती पोचली."

मॅडम ओततच राहिल्या. फरशीच्या फटीतून गुडगुड आवाज आला आणि आत गेलेलं पाणी बुडबुडे घेऊन वर आलं. सभेत कुजबूज सुरू झाली. दोघा गड्यांनी महाराजांना बाजूला व्हायला सांगून फरशी उचलली. खाली गळ्यापर्यंत पुरलेला मातीचा माठ होता, काठोकाठ भरलेला. बाजूची माती उकरली तर ती ओली निघाली आणि पिंपळाची मुळं माठाला गच्च बिलगलेली दिसली.

"घरातला माठ पाझरतो, म्हणून पाणी गार होतं," मॅडम म्हणाल्या. "हा जमिनीत पाझरतो, म्हणून पिंपळ हिरवा आहे. झाडाला पाणी घालू नका म्हणत महाराजांनी ते रोज तुमच्याच हातांनी घालून घेतलं."

गावात खोटं कुणीच बोललं नव्हतं. झाडाला थेंबभर पाणी घातलं नाही, असं प्रत्येक जण शपथेवर सांगत होता. पाय धुतलेलं पाणी हेही पाणीच, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. नाद भंगला, एवढं पुटपुटून महाराज चपला घालून जीपकडं निघाले. कृष्णरावांनी ठरावाचं नावही काढलं नाही, टँकर चालू राहिला.

धुरपदाबाई माठाजवळ बसून होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी बाकीच्या झाडास्नी धुवायला पाय न्हाईत, म्हणून मेली व्हय ती?"

त्यांनी माठाच्या काठावरून हात फिरवला.

"म्या रोज त्याच उतारानं भरली घागर घिऊन येत हुते. रोपं पायात यायची, तर जपून पाऊल टाकायचे. पर घागर काय वाकवली न्हाय."

मला फार वाईट वाटलं. त्यांनी रिकामी घागर उचलली आणि पाणी आणायला खाली उतरल्या. मागोमाग शरिफाबीही गेली. बाकीचे बरेचसे रसाच्या गाडीकडं वळले.

मी थकलोय, तरी सांगतो. उद्या दुसरा कुणी महाराज दुसऱ्या टेकडीवर बसेल. तेव्हा वर बघून हात जोडण्याआधी एकदा खाली बघा, पाणी कुठं जातंय ते विचारा. आणि हातात भरलेला तांब्या असेल, तर वाटेतल्या पहिल्या सुकलेल्या रोपाशी थांबून तो तिथंच ओता.