चापाला टांगलेलं वजन

लोखंडी मापाच्या कडेचा गंज पप्पांनी सकाळीच घासून काढला होता, आणि आता ते माप – अर्ध्या किलोचं, साळूबाईंच्या दुकानातून मागून आणलेलं – त्यांच्या बोटातल्या तारेला लटकून हळूहळू फिरत होतं, आणि प्रेरणाला वाटत होतं, ते थांबूच नये.

पप्पांचं म्हणणं सरळ होतं. नळी आभाळाकडे, आत छर्रा नाही. चापाला हे वजन टांगायचं, एअर पिस्तूल उचलायचं. चापानं न सुटता ते पेललं तर पिस्तूल स्पर्धेच्या तपासणीत पास; नाही पेललं, तर मुकाट्यानं पुण्याच्या कारागिराकडे. चापाचा जडपणा त्यांनीच घरी कानस मारून काढला होता. कारागीर महिनाभर पिस्तूल ठेवून घेणार होता, आणि कंपनीत वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाताचा भरवसा कुठला... आई नको म्हणाली होती, पण तेव्हा बोलण्यापुरतंच.

परवा मात्र – परसात सराव करून ती आत आली, आणि भाकरी थापता थापता, वर न बघता, आई म्हणाली, पुरे झाली ही नेमबाजी, पिस्तूल विकून टाकू, तूही कंपनीत पॅकिंगला लाग. प्रेरणा वळली, पिस्तूल हातातच होतं... छर्रा आईच्या कानाजवळून दाराच्या चौकटीत घुसला. आपोआप सुटलं, असं ती लगेच म्हणाली. फारच लगेच. आईनं लेकीलाच पोटाशी धरलं. आणि पप्पा दोन दिवस धड जेवले नाहीत. माझ्या हाताचं पाप, एवढंच म्हणत राहिले.

पप्पांनी तार चापात अडकवली. सुटू दे, ती मनात म्हणाली, सुटू दे, म्हणजे दोष कानशीचा, स्प्रिंगचा, कुणाचाही... पण बोट? बोट चापाबाहेर ठेवायचं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. परवा माझं कुठं होतं? आठवायला गेलं की नुसती आईची पाठ दिसते, आणि तिचा मला आलेला राग.

पप्पांनी श्वास रोखून पिस्तूल उचललं. माप अधांतरी लटकलं. काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदाही नाही.

"न्हाई सुटलं गं पिरे," पप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

आई पिठाच्या हातानं दारात आली होती. "मग परवा कसं सुटलं?"

पप्पांचा चेहरा उतरला. त्यांनी पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं, कुठला तरी स्क्रू चाचपला.

"माझंच काय तरी ऱ्हायलं आसंल," ते म्हणाले. "उद्या पुण्याला दिऊन येतो."

प्रेरणानं तोंड उघडलं. पण तेवढ्यात आई पुढे आली, लेकीला बाजूला ओढून तिच्या आणि पिस्तुलाच्या मधे उभी राहिली – प्रेरणाकडे पाठ करून. आईला अजून त्या पिस्तुलाचीच भीती वाटत होती.