दारावर तीन टकटक

अनाथाश्रमाच्या बाईंनी ताईला सकाळीच बजावलं, "आज पाहुणे येणार आहेत. तुम्हा दोघांना कायमचं घरी न्यायचं त्यांच्या मनात आहे. भावाला जरा सांभाळ हो." सांभाळ म्हणे! लढाईत आईबाप गेल्यापासून ती दुसरं करत काय होती? या परक्या देशात येऊन पंधरवडासुद्धा झाला नव्हता.

नवरा-बायको आले, सोबत चार वर्षांची लेक. सहा वर्षांच्या भावाची आणि तिची पाच मिनिटांत गट्टी जमली. बायको ताईला म्हणाली, "खिडकीजवळची खोली तुम्हा दोघांची." ताईचा आनंद गगनात मावेना. सही तेवढी व्हायची होती.

तेवढ्यात भोंगा वाजला. आग लागली तर काय करायचं याची महिन्याची रंगीत तालीम. सगळी पोरं रांगेने अंगणात आली. भाऊ नव्हता. पाहुण्यांची लेकही नव्हती.

हाका मारून सगळ्यांचे घसे बसले. तो ओ देणार नाही हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिनेच तर लढाईत त्याच्याकडून घोकून घेतलं होतं: भोंगा वाजला की लपायचं, कुणीही हाक मारो, माझी तीन टकटक ऐकल्याशिवाय हूं की चूं करायचं नाही.

ती त्याच्या लपायच्या जागेकडे, चादरींच्या कपाटाकडे धावली. तीनदा टकटक केली. दार उघडलं. आत घामाने निथळलेला भाऊ मुलीला पोटाशी धरून बसला होता, तिचं तोंड हाताने गच्च दाबून. बॉम्ब पडताना तळघरात लपल्यावर ताई त्याचं दाबायची, अगदी तसंच. मुलगी लालबुंद झाली होती, गालावर बोटं उमटली होती.

बायकोने किंकाळी फोडून लेकीला ओढून घेतलं.

"तो तिला वाचवत होता!" ताई नव्या भाषेत चाचरत म्हणाली. "मी शिकवलंय. मी विसरायला लावते त्याला, पाया पडते तुमच्या."

नवरा खाली बघत म्हणाला, "तू ये हवी तर. याला नाही नेता येणार. घरात लहान मूल आहे."

ताईने भावाचा हात धरला आणि नकारार्थी मान हलवली. गाडी फाटकाबाहेर गेली.

"ताई," भावाने बाही ओढली, "ती रडत होती, पण मी आवाज बाहेर जाऊ दिला नाही. बरोबर केलं ना मी?"

तिला हंबरडा फोडावासा वाटला.

"हो रे राजा," ती म्हणाली. "अगदी बरोबर केलंस."