पाहुण्याच्या खालची पायरी

बाथरूममधला नळ सुरू झाला तसा मास्तरांनी मुलाचा कंट्रोलर उचलला आणि कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. हातात वीस मिनिटं होती. स्टुलावर बसून स्वतःची आंघोळ स्वतः करायला मुलाला गेल्या वर्षी दहा लागत. पुढच्या वर्षी किती लागतील हे गणित, छत्तीस वर्षं गणितच शिकवूनही, मास्तर मांडत नसत.

पडद्यावर नवा गेम विचारत होता, किती अवघड हवा? तीन पायऱ्या होत्या. योद्धा, शिपाई आणि सगळ्यात खाली पाहुणा. हा गेम करणारी माणसं घरंदाज असावीत. मागच्या गेममध्ये त्याच पायरीला सरळ 'लहान मुलांसाठी' म्हटलं होतं.

गेल्या दीड वर्षात बाजारात आलेले अकरा गेम मास्तरांनी असेच, नळाच्या आवाजाआड, तळाच्या पायरीवर नेऊन ठेवले होते. शाळेत त्यांनी कधी कुणाला अर्धा गुण वाढवून दिला नव्हता. अर्ध्या गुणाने नापास झालेल्या एका पोराचे वडील घरी येऊन रडले होते. मास्तरांनी त्यांना पाणी दिलं, गुण दिला नाही.

मुलाचं स्नायूंचं दुखणं बोटांपासून सुरू झालं होतं. व्यायाम करून घेणाऱ्या बाई दर महिन्याला त्याच्या मुठीत एक यंत्र देत, जोर लावून दाबायला सांगत आणि काटा मास्तरांच्या बाजूला वळवून धरत. अकरा. नऊ. साडेसहा. नोकरी सुटल्यावर त्याच्याकडे एकच काम उरलं. नवा गेम आला की खेळायचा आणि एका वेबसाइटवर 'सहज वाटलं म्हणून' या सदरात त्यावर मत द्यायचं. मत मुलगा सांगे, मास्तर टाइप करत, आणि शुद्धलेखनावरून दोघांचं भांडण होई.

बुडालेल्या शहराच्या गेमबद्दल त्याने लिहिलं होतं, 'राक्षस इतका अगत्यशील आहे की मेल्यावरही दारापर्यंत सोडायला येईल. पाचपैकी दोन.' मोटारींच्या गेमबद्दल लिहिलं होतं, 'मागच्या गाड्या पुढे जायला लाजतात, जणू बघायला पाहुणे आलेत.' वाचकांना आधी मजा वाटली, मग शंका आली. त्याच राक्षसापुढे ते आठ-आठ दिवस मरत होते. 'भाऊ, तू नक्की काय खेळलास? सापशिडी?' असं एकाने विचारलं. दुसऱ्याने जाहीर केलं की हा माणूस खेळतच नाही, खोक्यावरचं चित्र बघून लिहितो.

काल वेबसाइटच्या संपादिकेचा फोन आला होता.

"राग मानू नका, पण ह्या वेळी खेळतानाचं रेकॉर्डिंग जोडा. नाहीतर सदर थांबवावं लागेल मला."

"जोडतो की," मुलगा म्हणाला होता. एवढंच.

रेकॉर्डिंगमध्ये कोपऱ्यात पायरीचं नाव दिसतं, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांचं बोट सवयीने पाहुण्यापर्यंत गेलं, थांबलं, वर आलं, परत खाली गेलं. नळ बंद झाला. मास्तरांनी शिपाई निवडला आणि कंट्रोलर होता तसा, तिरका, उशीवर ठेवला.

मुलगा भिंतीला धरत आला, बसला. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला.

पहिलाच पूल होता आणि पुलावर एकच पहारेकरी. त्याने तलवार उचलली की ढालीचं बटण दाबायचं, एवढंच करायचं होतं. मुलगा मेला. परत उभा राहिला, परत मेला. पाचव्यांदा मेल्यावर म्हणाला,

"ह्याला नुकतीच बढती मिळालेली दिसतेय."

मास्तर हसले, जरा जास्तच. त्यानंतर मुलगा मरत राहिला. मास्तर मोजत होते. एकोणिसाव्या वेळी कंट्रोलर मुलाच्या मांडीवर घसरला, आणि त्याने तो लगेच उचलला नाही.

"बाबा, पायरी कुठून बदलायची?"

"मेनू, सेटिंग, तिसरी ओळ," मास्तर म्हणाले. वर्गातून प्रश्न आला की उत्तर तोंडातून निघे, विचार मागून येई. आताही तो मागून आला.

"मला वाटलं, आधी विचाराल, कसली पायरी."

मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पुसून झालेला परत पुसला.

"कधीपासून माहितीये तुला?"

"पहिल्या गेमपासून. शेवटी लिहून येतं, कुठल्या पायरीवर संपवला ते. तुम्ही तोवर चहा टाकायला उठलेले असायचात."

"मग सोपा आहे, सोपा आहे, असं लिहायचास कशाला?"

"सोपाच होता की. खोटं कुठं लिहिलं मी?" मुलाने कंट्रोलर त्यांच्याकडे सरकवला. "लावा आता खालची."

"ते लाल चालू आहे अजून."

"असू दे."

आजवर चोरून केलेलं काम मास्तरांनी पहिल्यांदाच मुलादेखत केलं, आणि दोनदा चुकले.

पाहुण्यासमोर पहारेकरी अगदी वेगळा माणूस झाला. परवानगी मागावी तशी तो तलवार उचलत होता. मुलगा मेला. पुन्हा मेला. तिसऱ्या वेळी तलवार वर गेली आणि बराच वेळ वरच राहिली, पाहुण्याला तेवढी सवलत होती. मुलाचा अंगठा ढालीच्या बटणावर होता. नख पांढरं पडलं. बटण खाली गेलं नाही.

"ह्याच्या खाली बघा काही आहे का."

मास्तरांनी खालचा बाण दाबला. निवड पाहुण्यावरून उडून थेट योद्ध्यावर गेली. त्यांनी परत दाबला. शिपाई. पाहुणा. योद्धा.

"नाही."

"परत बघा."

मास्तरांनी परत पाहिलं. या वेळी सावकाश, प्रत्येक नाव मनात वाचत.

"नाही रे."

मुलाने मान हलवली. हात टॉवेलमध्ये गुंडाळून घेतले.

"बरं, घ्या लिहून. 'गेम अवघड आहे. पहारेकरी आपलं काम चोख करतो. वाचकांचं म्हणणं बरोबर होतं. पुलापलीकडे काय आहे ते मला माहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांनी कळवू नये.'"

मास्तरांनी टाइप केलं. आज शुद्धलेखनावरून भांडण झालं नाही.

"रेकॉर्डिंग?"

"जोडा."

"आपलं बोलणंपण आलंय त्यात."

"जोडा, बाबा. मागितलंय त्यांनी."

ते जोडलं जाईपर्यंत दोघं पडद्याकडे बघत बसले. पुलावर पहारेकरी येरझाऱ्या घालत होता, कुणाची घाई नसल्यासारखा.

"गुण?" मास्तरांनी विचारलं.

मुलाने थोडा विचार केला.

"साडेचार."

मास्तरांनी पाच टाइप केले.

"साडेचार म्हटलं मी."

"ऐकलं," मास्तर म्हणाले, आणि पाठवण्याचं बटण दाबलं.