जुळ्या विमानाचा पंख

हँगरमध्ये पंख मोडला तेव्हा आवाज फारसा झाला नाही. यंत्र थांबलं आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेली ती दोन विमानं. उमेदीत माणसं वाहिली. म्हातारपणी पोटात पाण्याची टाकी बसवून त्यांना वणवे विझवायला जुंपलं. टाकी एका दमात रिकामी झाली की हलकं झालेलं विमान वर उसळतं आणि सगळा हिसका पंखाच्या सांध्यावर येतो. सांधा असे किती हिसके सोसेल, हे पाहायला एक विमान बांधून ठेवून त्याचा पंख यंत्राने वाकवत होते. दुसरं त्या वेळी भरल्या टाकीनिशी डोंगरावरच्या वणव्याकडे निघालं होतं. त्याने मोडलेल्या पंखापेक्षा जास्तच हिसके खाल्ले होते.

ते उडवत होता हँगरमधल्या इंजिनिअरचा धाकटा भाऊ.

इंजिनिअर वायरलेसकडे धावला. मॅनेजरने माईकवर हात ठेवला.

"काय सांगणार आहेस?"

"पाणी माळावर सोड म्हणून. तिथे वारा नाही, सरळ उडत सोडता येईल. आगीवर सूर मारून वर खेचताना सांधा..."

"आणि पायथ्याच्या गावातली माणसं? रस्ता बंद झालाय, सगळी शाळेत कोंडलीत. कळलं की त्याचा हात कापणार. कापऱ्या हाताने नेम लागतो का?"

वायरलेस खरखरला. "दादा आहे का तिथे? त्याला म्हणावं, चहा टाकून ठेव. आणि साखरेत हात आखडू नकोस, कंजूष!"

मॅनेजरने माईक पुढे केला. "बोल. तुझाच भाऊ आहे."

खोलीतले सगळे बघत होते.

"टाकतो," इंजिनिअर म्हणाला. "नीट सोड."

पाणी पडलं. पंख टिकला. आग शाळेच्या अलीकडे जराशी बसली, विझली नाही.

विमान उतरलं तसा मॅनेजर टाळ्या वाजवत बाहेर आला. "बघितलंस? उगाच घाबरवून सोडलंस सगळ्यांना. भरा रे टाकी!"

इंजिनिअर कॉकपिटच्या शिडीपाशी जाऊन उभा राहिला. "आता जाऊ नकोस. जुळ्याचा पंख मोडलाय."

धाकटा हसायला लागला आणि मध्येच थांबला. "कधी?"

"तू वर असताना."

"मी चहाचं बोललो, तेव्हा ठाऊक होतं?"

थोरल्याने मान खाली घातली.

धाकट्याने डोंगराकडे पाहिलं. धूर पुन्हा काळा व्हायला लागला होता. त्याने हेल्मेट चढवलं.

"अरे, आता सांगतोय ना मी! उतर खाली." थोरल्याने शिडी चढून त्याची बाही धरली.

"मघाशी पाठवलंतच की." त्याने थोरल्याकडे बघत बाही सोडवून घेतली. "बाजूला व्हा, साहेब. शिडी काढायचीय."