दुपारच्या झोपेनंतरची लाल फुली

“पुन्हा डुलकी काढली या म्हाताऱ्यानं! माझ्याहून जास्त झोपतो मेला!” थ्वाकाकू पायानं चपला चाचपत कुरकुरल्या आणि जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून गेल्या.

तो म्हातारा म्हणजे मी. मित्रांनो, मी एक जुना काळा डबा आहे. हायफाँग बंदराजवळ, जहाजांच्या मालाची कागदपत्रं करणाऱ्या कचेरीत, कोपऱ्यातल्या फळीवर माझं आयुष्य गेलं. सगळ्यांच्या फायली माझ्या पोटात. माझी निळी वायर भिंतीच्या कडेनं जाते आणि पुढे तिला प्रत्येकाच्या संगणकाकडे फाटे फुटतात. कुणीही मागावं, मी द्यावं. “आमचा डबा म्हणजे सोनं,” असं तेव्हा थ्वाकाकूच म्हणत. साहेबांची थोरली आत्या आणि मुख्य हिशेबनीस त्या; त्या म्हणाल्या की सगळी कचेरी तेच म्हणे.

मग काकूंची पाठ धरली. आमच्याकडे दुपारी जेवणं उरकली की दिवे मालवून सगळे झोपतात. कुणी चटई टाकतं, कुणी टेबलावरच मान टाकतं. काकूंसाठी हिरवी घडीची खाट आली. खरं सांगतो, मी तिच्यावर जळलो. काम काय, तर आडवं पडणं! तरी तिला रोज ओल्या फडक्यानं पुसायचं, वर फुलाफुलांची चादर. माझ्यावरची धूळ मात्र माझीच.

त्यात भर म्हणजे काकू खिडकीकडे झोपल्या तर ठीक. भिंतीकडे झोपल्या की खाटेचा लोखंडी पाय नेमका माझ्या वायरीवर. सगळे जागे होत तेव्हा पडद्यापडद्यावर माझ्या नावावर लाल फुली, म्हणजे डबा सापडत नाही. खाट घडी झाली की थोड्या वेळानं वायर पुन्हा हुशारीत येई, आणि लोक म्हणत, “आला बघ ताळ्यावर म्हातारा!”

काकूंच्या शेजारच्या टेबलावरच्या ख्वेनं तो पाय पाहिला होता. इतरांनीही पाहिला होता. पण काकूंच्या खाटेवर बोट ठेवणं म्हणजे ‘आता घरी बसा’ म्हणण्यासारखंच. म्हणून सगळे माझ्याकडे बोट दाखवत. दुरुस्तीवाला हिएप सकाळी येई, तेव्हा मी ठणठणीत. त्यानं संगणकांची सेटिंगं बदलली, वायरींची दोन-चार टोकं काढून पुन्हा खोचून पाहिली आणि म्हणाला, “वय झालंय याचं, काकू.”

मग तो आला. पांढरा, गुळगुळीत, लुकलुकता नवा डबा! माझ्या पोटातलं सगळं त्याच्या पोटात ओतलं. माझी वायर, माझी निळी वायर, उपटून त्याच्या पाठीत खोचली. काकूंनी त्याच्यापुढे, देवापुढे ठेवावीत तशी, संत्री ठेवली. मला उभ्या आयुष्यात संत्र्याची साल दिसली नव्हती. मी जळून कोळसा झालो, आणि काळाच असल्यानं कुणाला कळलंही नाही.

त्याच दुपारी काकू भिंतीकडे झोपल्या. दिवे लागले, आणि पांढऱ्याच्या नावावर लाल फुली!

“नवीन आहे बिचारं, रुळेल,” हिशेबाच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं. बिचारं? आणि मला टपल्या?

“त्या काळ्याची छाया पडली याच्यावर,” काकू म्हणाल्या. “जळतोय तो. भंगारवालीला बोलवा आणि दारात कागद पेटवा, पीडा जाऊ दे.” क्षणभर मलाही वाटलं, माझ्याच जळण्यानं झालं की काय!

मित्रांनो, वस्तू रुसली की तिचं वय विचारण्याआधी तिच्यावर कुणाचा पाय आहे ते बघा. ती सांगू शकत नाही; तुम्हाला तर तोंड आहे.

भंगारवालीनं सायकल दाराशी लावली, मला उचललं, हातात तोललं. दारात कागदाचा भडका उडाला. ख्वे वाटेत येऊन उभी राहिली आणि तिनं मला भंगारवालीच्या हातातून काढून घेतलं.

“अगं ए, सर ना बाजूला,” काकू म्हणाल्या. “झोपाळू मेला तो.”

ख्वेनं मला छातीशी घट्ट धरलं.

“काकू, झोपतो तो हा नाही. झोपता तुम्ही. आणि भिंतीकडे झोपलात की तुमच्या खाटेचा पाय निळ्या वायरीवर येतो.”