ठिपकीच्या घरट्यातली मूठ

मी एक जुनी दाराची मूठ आहे. चिनी मातीची, पांढरी, गुळगुळीत, आणि मागे बोटभर लोखंडी मान असलेली. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू बोलायला लागल्या की आम्ही झिजलो, आम्ही राबलो असे रडगाणे गातात. माझा तसा स्वभाव नाही. मी एकाचा सूड घेतला आहे, आणि तो कसा घेतला ते सांगायला आज बसले आहे.

माझा जन्म भट्टीतला. केंटकीच्या डोंगरातल्या एका खोऱ्यात आर्विल नावाच्या माणसाने मला आपल्या घराच्या पुढच्या दाराला बसवले, ते त्याच्या लग्नाच्या वर्षी. पुढे ओढ्याला पूर आला, दार फुगले, नवे दार आले ते स्वतःची कडी घेऊनच. आर्विल मला भंगारात टाकणार तेवढ्यात त्याच्या बायकोने, झेल्फाने, मला उचलले.

"टाकू नका. कोंबड्यांना अंडं म्हणून चालेल."

आमच्या खोऱ्यात ही रीतच आहे. घरट्यात खोटे अंडे दिसले की कोंबडीला जागा भरवशाची वाटते आणि ती तिथेच अंडी घालते. माझी मान कोंबडीला टोचेल म्हणून आर्विल कानस घेऊन निघाला, तर झेल्फा म्हणाली, "माना कापायची एवढी हौस असेल, तर वाफ्यातलं गवत कापा." तो हसला आणि माझी मान वाचली.

पुढच्या दारातून थेट खुराड्यात! मला फार अपमान वाटला. पण खुराड्यात ठिपकी नावाची कोंबडी होती. ती खुडूक झाली की महिनाभर घरट्यातून हलायची नाही. आपली अंडी चोचीने फिरवायची तशीच मलाही फिरवायची आणि पोटाखाली घ्यायची. दारावर होते तोवर जो आला त्याने मला पिरगळले. ऊब दिली ती एकट्या ठिपकीने.

झेल्फा सकाळी खुराडे उघडी, मक्याचा भरडा टाकी, पाणी बदली, आणि शिट टोपलीत भरून घेवड्याच्या वाफ्यावर नेई. ठिपकी दिवसातून एकदाच उठे. दाणे टिपून कांद्याच्या वाफ्यात धुळीची अंघोळ करी. "सटवे, तुला हाच वाफा सापडतो का?" असे झेल्फा ओरडे आणि पाण्याची थाळी तिच्याजवळ सरकवी.

मग आर्विल गेला. पुढच्याच वसंतात ससाण्याने कोंबडा नेला. ठिपकीखाली ठेवलेली अंडी त्या कोंबड्याची शेवटची. ही कोंबड्यांची जात झेल्फाला तिच्या आईने लग्नात दिली होती. ही अंडी उबली नाहीत, तर आईची जात संपणार होती. झेल्फा रोज घरट्यापाशी येऊन नुसती उभी राही.

कुंपणापलीकडे आर्विलचा धाकटा भाऊ हॉबर्ट राहतो. मक्याच्या कोठीतले उंदीर खायला त्याने एक काळा साप आणून सोडला होता. त्याला तो कौतुकाने 'कारभारी' म्हणे. एके दिवशी ठिपकी अंघोळीला गेली आणि हा कारभारी फळ्यांच्या फटीतून आत आला. त्याने एक अंडे गिळले. मला जिभेने चाटून पाहिले आणि सोडून दिले, कारण माझ्या अंगाला अंड्याचा वास नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच येऊ लागला. मी तिथेच पडून होते आणि काही करू शकत नव्हते.

झेल्फा कुंपणापाशी गेली. "भावजी, तुमचा कारभारी माझी अंडी खातोय."

"वहिनी, साप बिचारा पोटापुरतंच खातो. उंदीर माजले तर मका कोण राखणार, तुम्ही?"

"मग त्याला तुमच्या कोठीत ठेवा."

"सापाला काय दावं बांधू? अंडी गेली तर गेली. बाजारात पिल्लं खोक्यानं मिळतात. इथं पाऊस नाही, मक्याची ताटं करपली, आणि तुम्हाला अंड्यांचं पडलंय. कुणीतरी एखादा साप टांगला पाहिजे पावसासाठी."

झेल्फा परतली.

शेवटी दोनच अंडी उरली आणि दोन्ही फुटून पिल्ले निघाली. दुसरे पिल्लू अजून ओले होते तोच साप आला. ठिपकीने त्याच्या पाठीवर चोची मारल्या, पंख आपटले. त्याने पिल्लू गिळले आणि तो आला तसा गेला. त्यानंतर दिवसभर ठिपकी मला चोचीने पोटाखाली ओढत राहिली. तिला वाटत होते, दुसरे अंडे अजून फुटायचे आहे. मित्रांनो, तेव्हा मी मनात म्हटले, थांब कारभाऱ्या, तुझा हिशोब माझ्याकडे आहे.

झेल्फाच्याही मनात तेच होते. तिने ठिपकीला आणि उरलेल्या पिल्लाला स्वयंपाकघरात खोक्यात ठेवले. एक ताजे अंडे फोडून मला चोळले आणि मला एकटीला फटीजवळच्या पेंढ्यात मांडले. माझ्या मानेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "बरं झालं त्यांनी कापली नाही."

दुपारी तो आला, त्याने जीभ लावली आणि मला गिळले. पोटातले अंडे साप अंग आवळून फोडतो. त्याने मलाही आवळले. मी फुटले नाही, मी भट्टीतून आलेली आहे. मग तो मला ओकायला लागला, तर माझी मान आत रुतली. फटीतून पळायला गेला, तर मी फटीत अडकले. त्या अंधारात मी खूश होते, खोटे कशाला बोलू? थोड्या वेळाने झेल्फाच्या कुदळीचा आवाज ऐकू आला.

काळा साप कुंपणावर उताणा टांगला की पाऊस येतो, असे आमच्याकडे मानतात. झेल्फाने त्याला हॉबर्टच्या कोठीसमोर टांगला. हॉबर्ट धावत आला.

"वहिनी, हा माझा कारभारी आहे."

"तुम्हीच म्हणालात ना, साप टांगा. टांगला."

"आणि याच्या पोटात एवढं काय आहे?"

"पोटापुरतंच खाल्लंय, भावजी."

हॉबर्ट खाली मान घालून घरी गेला. मग झेल्फाने सापाचे पोट चिरून मला बाहेर काढले. पाऊस काही आला नाही. झेल्फा ओढ्यावरून बादल्या आणून घेवड्याला घालत राहिली, पण साप उगाच मारला असे तिने एकदाही म्हटले नाही. हॉबर्टच्या मक्यात उंदीर झाले. तेही मला आवडले.

ते एकटे पिल्लू कोंबडा निघाले आणि झेल्फाच्या आईची जात टिकली. पुढच्या वसंतात ठिपकी पुन्हा खुडूक झाली. झेल्फाने मला राखेने घासून, धुऊन तिच्या अंड्यांत ठेवले. ठिपकीने माझा वास घेतला, मानेची पिसे फुलवली आणि मला चोचीने घरट्याबाहेर ढकलले. झेल्फाने पुन्हा ठेवले, तिने पुन्हा ढकलले. त्या सापाचा वास माझ्या अंगाला कायमचा लागला आहे. जिच्यासाठी सगळे केले, तिची ऊब मला परत मिळाली नाही. याचे दुःख मला रोज होते. पश्चात्ताप मात्र होत नाही.

म्हणून मित्रांनो, घरात जीव पाळत असाल तर भिंतीतल्या फटी वेळेवर बुजवा. एक फळी आणि चार खिळे पुरतात, आणि मग माझ्यासारखीची गरज पडत नाही.

आमच्या खुराड्याची फट मात्र झेल्फाने अजून बुजवलेली नाही. हॉबर्टने कोठीत नवा साप आणला आहे म्हणे. झेल्फा दर वसंतात मला ताजे अंडे चोळून त्या फटीपाशी ठेवते. मागून ठिपकीच्या पिल्लांचा चिवचिवाट ऐकू येतो, आणि मी फटीकडे तोंड करून वाट बघते.